आडनाव आणि वंशावळ : कॅनडातील फ्रेंच घराणी

आपल्याकडे एकाच आडनावाची दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमचे मूळ गाव कोणते?" आडनाव एक, म्हणजे कुठेतरी भावकी निघणारच, असा आपला हिशेब. हा हिशेब दर वेळी जमतोच असे नाही, हेही आपल्याला ठाऊक असते. पाटील, जोशी, कुलकर्णी गावोगाव आहेत. ते सगळे काही एका घरातले नव्हेत.

आज ज्या मुलखाची हकीकत सांगायची आहे, तेथे हा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. तेथे सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावे वेगवेगळी असू शकतात, आणि एकाच आडनावाच्या दोन शेजाऱ्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. असे असूनही त्या मुलखातला साधा शेतकरी, सुतार किंवा गिरणीतला कामगार आपल्या दहा-बारा पिढ्यांची वंशावळ सांगू शकतो. तीही ऐकीव नव्हे, कागदाच्या आधाराने. आणि नुसती बापाकडची नव्हे, आईकडचीसुद्धा. आडनावे इतकी बेभरवशाची आणि वंशावळी इतक्या पक्क्या, हे कसे काय जमले? त्याचेच उत्तर आज शोधायचे आहे.

हा मुलूख म्हणजे कॅनडा देशातला क्वेबेक प्रांत. कॅनडाच्या पूर्व भागात सेंट लॉरेन्स नावाची मोठी नदी वाहते. तिच्या काठाने १६०८ साली साम्युएल द शांप्लँ ह्या फ्रेंच दर्यावर्दी गृहस्थाने क्वेबेक गावाचा पाया घातला. फ्रान्सच्या राजाने ह्या मुलखाला 'नवा फ्रान्स' म्हटले. नाव मोठे, पण वस्ती लहान. हिवाळ्यात नदी गोठते आणि सहा-सहा महिने बर्फ हटत नाही, अशा ठिकाणी संसार थाटायला कोण जाणार? १६६६ च्या सुमारास तेथला राजाचा कारभारी झाँ तालों याने शिरगणती करवली, तेव्हा सगळ्या वसाहतीत मिळून ३,२१५ माणसे भरली. फौजेतले शिपाई त्यात धरलेले नव्हते. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी ही संख्या!

ही माणसे होती तरी कोण? काही मजूर होते. त्यांनी तीन वर्षे मालकाकडे राबण्याचा करार केलेला असे, म्हणून लोक त्यांना 'छत्तीस महिनेवाले' म्हणत. काही शिपाई होते. १६६५ साली कारिन्यां-सालियेर नावाच्या पलटणीचे सुमारे बाराशे लोक फ्रान्सहून आले, आणि मोहीम संपल्यावर त्यांतले चारशेच्या आसपास तेथेच जमीन घेऊन राहिले. मग अडचण आली ती लग्नाची. पुरुष पुष्कळ आणि मुली थोड्या. तेव्हा १६६३ ते १६७३ ह्या दहा वर्षांत राजाने आपल्या खर्चाने सुमारे ७७० मुली जहाजातून पाठवल्या. त्यांतल्या कितीतरी अनाथ होत्या. अनेकींना हुंड्याची रक्कमही सरकारातून मिळाली. इतिहासात त्या 'राजाच्या मुली' म्हणून प्रसिद्ध आहेत. नाव ऐकून कोणाला राजकन्या वाटतील, पण होत्या बिचाऱ्या गरीब घरच्या लेकी.

फ्रेंच अमदानीच्या दीडशे वर्षांत येऊन कायमचे राहिलेले लोक मोजले तर ते दहा हजारांच्या आसपास भरतात. पुढे इंग्रजांनी हा मुलूख जिंकला आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने तो त्यांच्याकडे गेला. फ्रान्सहून माणसे येणे जवळजवळ थांबले. त्या वेळी सत्तर हजारांच्या घरात असलेल्या फ्रेंच लोकांचे आज लक्षावधी वंशज क्वेबेकमध्ये आणि अमेरिकेत आहेत. झाडाच्या फांद्या अगणित, पण मुळे मोजकी. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

एक उदाहरण घेऊ. झाखारी क्लुतिये हा फ्रान्सच्या पेर्श प्रांतातला सुतार १६३४ साली तेथे गेला. त्याला लिहिता येत नसे. सहीच्या जागी तो कुऱ्हाडीचे चित्र काढी. बायको सेंत द्युपों आणि पाच मुले एवढा त्याचा संसार. मॉन्ट्रिअल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या नोंदींवरून हिशेब मांडला, तेव्हा १८०० सालापर्यंत लग्न झालेले त्याचे वंशजच दहा हजारांहून अधिक निघाले. निरक्षर सुताराच्या कुळाचा एवढा तपशील जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल.

आता आडनावांकडे वळू. फ्रेंच भाषेत 'दि' असा एक लहानसा शब्द आहे. त्याचा अर्थ 'म्हटलेला'. आपण दस्तऐवजात 'उर्फ' लिहितो ना, अगदी तसाच. नव्या फ्रान्समध्ये हजारो घराण्यांना अशी 'उर्फ' नावे होती, आणि हीच सगळ्या घोटाळ्याची आणि गमतीचीही जागा आहे.

पुष्कळशी 'उर्फ' नावे फौजेतून आली. फ्रेंच पलटणीत भरती झालेल्या शिपायाला एक लष्करी नाव मिळत असे. एका तुकडीत तीन-तीन पिएर आणि चार-चार झाँ, मग हाक कोणाला मारायची? म्हणून एकाला म्हणायचे लाफ्लर, म्हणजे फूल. दुसऱ्याला लारोझ, म्हणजे गुलाब. तिसऱ्याला लात्युलीप, म्हणजे ट्युलिपचे फूल. तरणाबांड असेल तो लाझनेस, म्हणजे तारुण्य. बेफिकीर असेल तो सां-सूसी, म्हणजे निश्चिंत. कोणी सां-रग्रे, म्हणजे ज्याला कशाचा पश्चात्ताप नाही तो. आणि एक तर व्हाद-बों-कर, म्हणजे 'आनंदाने पुढे चल'! ही नावे आज टेलिफोनच्या यादीत छापलेली दिसली की हसू येते. पण प्रत्येक नावामागे बंदूक खांद्यावर टाकून महासागर ओलांडलेला कोणी तरुण असण्याचा संभव असतो.

काही नावे प्रांतावरून पडली. आपल्याकडे परगावी गेलेल्या माणसाला जसे गावाच्या नावापुढे 'कर' लावून ओळखतात, तसे तेथे पिकार्दीहून आला तो पिकार, नॉर्मंडीहून आला तो नॉर्मां, आंजूहून आला तो लांजव्हँ. काही नावे जमिनीवरून, झाडांवरून, बागांवरून आली. देशेन म्हणजे 'ओक झाडांचा', देजार्दें म्हणजे 'बागांचा'. शिवाय एखादे नाव अंगकाठीवरून, एखादे स्वभावावरून, एखादे धंद्यावरून.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. खरी गुंतागुंत पुढेच. 'उर्फ' नाव मुलाला मिळेलच असा नियम नव्हता, आणि मिळणार नाही असाही नव्हता. एखाद्या माणसाचा बाप्तिस्मा मूळ आडनावाने होई, लग्नाच्या नोंदीत दोन्ही नावे येत, आणि मरण पावला की पाद्री नुसते 'उर्फ' नाव लिहून मोकळा होई. माणूस एकच, आडनावे तीन प्रकारची! त्याच्या मुलांपैकी थोरला मूळ नाव चालवी, मधला दोन्ही वापरी, धाकटा फक्त 'उर्फ' घेऊन दुसऱ्या गावी जाई. मिव्हिल नावाच्या घराण्यातल्या पुष्कळांचे 'मिव्हिल उर्फ देशेन' झाले, आणि पुढे कितीतरी जण नुसते देशेन उरले. मिव्हिल आणि देशेन ह्या दोन नावांत एकही अक्षर जुळत नाही, पण रक्त एक असू शकते.

एकोणिसाव्या शतकात सरकारी कामकाज वाढले आणि जोडनावे लोकांना जड वाटू लागली. तेव्हा कोणी पहिले टाकले, कोणी दुसरे टाकले. ज्याला जे सोयीचे वाटले ते त्याने ठेवले.

ह्याचे एक उत्तम उदाहरण आपल्या सहकारी सोसायट्यांच्या मंडळींना खास आवडेल. क्वेबेक शहरासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर, लेव्ही नावाचे गाव आहे. तेथे १९०० सालच्या डिसेंबरात आल्फोंस देजार्दें ह्या गृहस्थांनी एक सहकारी पतपेढी काढली. सावकाराच्या व्याजाने गांजलेल्या लोकांना स्वस्त कर्ज मिळावे हा हेतू. अगदी लहान लहान ठेवी घेऊन सुरू झालेल्या त्या कामातून आज देजार्दें नावाची मोठी सहकारी संस्था उभी आहे आणि क्वेबेकमध्ये ते नाव घरोघर माहीत आहे. पण १८५४ साली जन्मलेल्या ह्या आल्फोंसच्या वडिलांचे नाव कागदोपत्री काय होते? फ्रांस्वा र्वा उर्फ देजार्दें. आणि आईचे? क्लारिस मिव्हिल उर्फ देशेन. दोन्हीकडे 'उर्फ'! त्यांच्या पत्नी दोरिमेन ह्यांचेही माहेरचे नाव र्वा-देजार्दें असेच होते. पतीला नोकरीसाठी ऑटावा शहरी राहावे लागे, तेव्हा पतपेढीचे काम मागे ह्या बाईंनी सांभाळले. घराण्याने 'र्वा' हे पहिले नाव कायम ठेवले असते, तर ती प्रसिद्ध संस्था आज 'र्वा' नावाने ओळखली गेली असती!

ह्या 'र्वा' नावाचीही एक मौज आहे. त्याचा अर्थ राजा. फ्रान्सच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या निरनिराळ्या माणसांचे ते आडनाव होते. म्हणून आजचे सगळे र्वा एका मूळपुरुषाचे नव्हेत. ह्याच्या उलट त्रांब्ले हे नाव घ्या. क्वेबेकमध्ये ते सर्वांत अधिक आढळणाऱ्या नावांपैकी आहे. तरी हे सारे त्रांब्ले एका जोडप्याकडे पोहोचतात : पेर्श प्रांतातून आलेला पिएर त्रांब्ले आणि त्याची बायको ओझान आशों. त्यांचे लग्न २ ऑक्टोबर १६५७ रोजी क्वेबेकमध्ये झाले. तेव्हा नाव सारखे म्हणून कुळ एक समजू नये, आणि नाव निराळे म्हणून परके समजू नये. नाव ही नुसती खूण. पुरावा दुसरीकडे शोधायचा.

तो पुरावा म्हणजे चर्चच्या नोंदवह्या.

कॅथलिक धर्मसभेने ट्रेंट येथे १५६३ साली ठरवले, की प्रत्येक पाद्र्याने आपल्या गावातल्या लग्नांची आणि बाप्तिस्म्यांची वही ठेवावी. नियम एकच असल्याने आपल्या गोव्यातल्या ख्रिस्ती गावांतही पोर्तुगीज अमदानीत अशा वह्या ठेवल्या गेल्या. फ्रान्समध्ये तर राजानेही त्यात लक्ष घातले. १६६७ च्या राजाज्ञेने वहीच्या दोन प्रती करण्याचा दंडक घातला : एक चर्चमध्ये राहावी, दुसरी वर्षाअखेर न्यायकचेरीत जावी. पुढे नव्या फ्रान्समध्येही हीच पद्धत रुजली. ह्या एका शहाणपणाने किती काम केले पाहा. लाकडी चर्चे, थंडीमुळे सदा पेटलेल्या शेगड्या; आगी वारंवार लागत. पण एक प्रत जळाली तरी दुसरी बहुधा शाबूत राही. त्या आधीच्या काळात अशी सोय नव्हती. १६४० साली क्वेबेकचे चर्च जळाले, त्याबरोबर १६२१ पासूनच्या नोंदी खाक झाल्या. मग पाद्र्यांनी आणि गावकऱ्यांनी आठवून आठवून त्या पुन्हा लिहून काढल्या. गाव लहान होते म्हणून ते जमले.

राज्य बदलले तरी वह्या चालूच राहिल्या. इंग्रज सरकारने १७७४ च्या क्वेबेक कायद्याने लोकांचा धर्म आणि त्यांचे फ्रेंच दिवाणी कायदे मान्य केले. पाद्र्याची वही हीच सरकारी जन्ममृत्यूची नोंद, ही व्यवस्था तर थेट १९९३ अखेरपर्यंत टिकली. १ जानेवारी १९९४ पासून हे काम पूर्णपणे सरकारी खात्याकडे गेले. म्हणजे जवळजवळ पावणेचारशे वर्षे एकाच पद्धतीची नोंद! ह्यामुळेच तेथला गरीब माणूस इतिहासात हरवला नाही.

बरे, ह्या वहीत लिहिलेले तरी काय असे? प्रत्येक नोंदीच्या समासात एक अक्षर असे : 'ब' म्हणजे बाप्तिस्मा, 'म' म्हणजे मारियाज अर्थात लग्न, 'स' म्हणजे सेप्युल्त्युर अर्थात दफन. ह्या तिन्हींत वंशावळीच्या दृष्टीने सोने कोणते, तर लग्नाची नोंद. तिच्यात वराचे नाव, त्याच्या आईबापांची नावे, वधूचे नाव, तिच्या आईबापांची नावे, बहुधा त्यांची गावे, आणि साक्षीदार, इतके सगळे येई. ज्यांना सही येत नसे त्यांच्याबद्दल 'सही करता येत नाही असे सांगितले' असे वाक्य शेवटी पाद्री लिही. अशी वाक्ये पानोपानी आहेत.

आणि आता ह्या पद्धतीचा कणा सांगतो. ह्या वह्यांत बाई लग्नानंतरही आपल्या जन्माच्या आडनावानेच लिहिली जाई. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, मुलीच्या लग्नाच्या वेळी, नोटरीच्या करारपत्रात आणि स्वतःच्या दफनाच्या नोंदीतही तिचे माहेरचे नाव येई. नवऱ्याचा उल्लेख 'अमक्याची पत्नी' म्हणून. आपल्याकडे पुष्कळ घरांत लग्नाच्या दिवशी मुलीचे आडनाव बदलते, कधीकधी तांदळात अंगठीने लिहून नावही बदलते, आणि शंभर वर्षांनी पणजीचे माहेर कोणते हे सांगणारे कोणी उरत नाही. तेथे असे झाले नाही. बोलण्यात मात्र, विशेषतः एकोणिसाव्या शतकापासून, बाईंना नवऱ्याच्या नावाने 'मादाम अमुक' म्हणू लागले; पण वहीने माहेर सोडले नाही. पुढे १९८१ साली तर क्वेबेकच्या कायद्यानेच ठरवले, की विवाहित स्त्रीने आपले सर्व कायदेशीर व्यवहार जन्माच्या नावानेच करावेत.

आता वंशावळ चढायची कशी ते पाहू. पहिली पायरी स्वतःच्या आईबापांचे लग्न. त्या नोंदीत आजोबा-आजीची नावे मिळाली. मग आजोबांच्या लग्नाची नोंद शोधायची. तिच्यात पणजोबा-पणजीची नावे. मग त्यांचे लग्न. विहिरीच्या पायऱ्यांसारखे एकेक पाऊल, मध्ये उडी नाही. असे करत करत एक नोंद अशी लागते, की वराच्या आईबापांपुढे क्वेबेकचे गाव नसून फ्रान्समधले गाव लिहिलेले असते. तेथे मूळपुरुष हाती लागला. आणि बाईचे माहेर प्रत्येक पायरीवर लिहिलेले असल्याने नुसते आई, आईची आई, तिची आई असेही चढता येते. पुष्कळांची ही वाट शेवटी एखाद्या 'राजाच्या मुली'पर्यंत पोहोचते.

ह्या वाटेवर खड्डे नाहीत असे समजू नका. एक म्हणजे लग्न बहुधा वधूच्या गावी होई. त्यामुळे नवऱ्याच्या गावची वही कितीही चाळली तरी नोंद सापडत नाही. शेजारच्या गावांच्या वह्या पाहाव्या लागतात. दुसरे, वर बिजवर असला किंवा वधू विधवा असली तर पाद्री आईबापांऐवजी मृत पत्नीचे किंवा पतीचे नाव लिही. मग मागे जाऊन पहिले लग्न शोधायचे. तिसरे, पाद्री कानाला ऐकू येईल तसे लिही, म्हणून एकाच नावाची पाच-सहा रूपे दिसतात. चौथे, एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या नावात जोझेफ आणि मुलीच्या नावात मारी घालण्याचा प्रघात सर्रास झाला. घरात चार भाऊ आणि चौघेही कागदोपत्री जोझेफ! हाक मारायचे नाव बहुधा शेवटचे. आणि पाचवा खड्डा आपला जुना ओळखीचा, 'उर्फ'.

मग खात्री कशी करायची? दोन्ही नावे मिळून पाहायची. एकटा पुरुष घेतला तर चुकण्याचा संभव फार. पण 'अमका पुरुष आणि अमक्या माहेरची बाई' अशी जोडी धरली की चूक जवळपास अशक्य. पुरुषाचे आडनाव मिव्हिलचे देशेन झाले तरी त्याच्या बायकोचे माहेर तेच राहते ना! थोडक्यात, पुरुषाच्या नावाचा घोटाळा बाईच्या नावाने सुटतो. तेथल्या वंशावळीच्या साऱ्या इमारतीचा हा पाया आहे.

लोकांनी हे काम मोठ्या चिकाटीने केले. सिप्रियँ तांगे ह्या धर्मगुरूंनी गावोगावच्या वह्या पाहून १८७१ ते १८९० ह्या काळात कॅनडातल्या फ्रेंच घराण्यांचा सात खंडांचा कोश छापला. आपल्या राज्यकर्त्यांची भाषा वेगळी, धर्मपंथ वेगळा, आणि चहूकडे इंग्रजी बोलणाऱ्यांचा समुद्र. अशा स्थितीत 'आम्ही कोण' हे लिहून ठेवणे हा त्या लोकांना तगून राहण्याचाच एक मार्ग वाटला. पुढे १९४० नंतरच्या काळात द्रुएँ संस्थेने लक्षावधी पानांची छायाचित्रे फिल्मवर घेतली. १९६६ पासून मॉन्ट्रिअल विद्यापीठात ह्या नोंदी गणकयंत्रावर जोडण्याचे काम सुरू झाले. रने जेते ह्यांचा १९८३ चा कोश १७३० पर्यंतच्या कुटुंबांचा हिशेब देतो, आणि तांगे ह्यांच्या अनेक चुका त्यात दुरुस्त झाल्या आहेत.

सीमेपलीकडे गेलेल्यांची कथा थोडी निराळी. १८४० ते १९३० ह्या काळात सुमारे नऊ लाख लोक पोटासाठी अमेरिकेत, मुख्यतः न्यू इंग्लंडच्या कापड गिरण्यांत गेले. तेथे मुकादमाला फ्रेंच नाव उच्चारता येईना. मग लब्लांचा झाला व्हाइट, म्हणजे गोरा. र्वाचा झाला किंग. ब्वाव्हेर म्हणजे हिरवे रान, त्याचा झाला ग्रीनवुड. आज अमेरिकेतल्या एखाद्या किंग घराण्याला वाटते आपण इंग्रज. आणि कागद उलटत गेले की निघतो क्वेबेकचा शेतकरी र्वा, आणि त्याही मागे कदाचित एखादा 'उर्फ'.

ह्या वह्यांत एक काळी बाजूही आहे. ती न सांगता पुढे जाणे बरे नव्हे. नव्या फ्रान्समध्ये गुलाम होते. मार्सेल त्रुदेल ह्या इतिहासकारांनी कागदपत्रांतून सुमारे ४,२०० गुलाम मोजले. त्यांत बहुसंख्य तेथल्या मूळ रहिवासी जमातींतले, बाकीचे आफ्रिकी वंशाचे. त्यांचाही बाप्तिस्मा होई, दफन होई. पण नोंदीत पुष्कळदा एक पहिले नाव, अंदाजाने वय आणि मालकाचे नाव एवढेच. आईबाप नाहीत, आडनाव नाही. सुताराची कुऱ्हाडीची सही जपणाऱ्या वहीत ह्या माणसांची पायरीच नाही. त्यांच्या वंशजांना चढायला जिना नाही. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली. आडनाव असणे हीसुद्धा एक मालमत्ता असते, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला आली नव्हती.

आता कोणी विचारील, "मेलेल्या माणसांची नावे जुळवून जिवंत माणसाला काय मिळाले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर ऐका.

क्वेबेकच्या उत्तरेला सागने नावाचे खोरे आहे. १८३८ पासून तेथे शेजारच्या शार्लव्वा भागातले लोक जाऊन वसले. ह्या लोकांत काही आनुवंशिक दुखणी इतरांपेक्षा अधिक आढळतात. टायरोसिनेमिया नावाचे एक आहे. त्यात अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही, यकृत बिघडते आणि पूर्वी अशी मुले लहानपणीच दगावत. सागनेमध्ये दर वीस माणसांमागे साधारण एकजण ह्या दोषाचा वाहक असतो. तो स्वतः ठणठणीत. पण नवरा आणि बायको दोघेही वाहक असतील तर मुलाला रोग होण्याचा धोका.

बाहेरचे लोक सहज बोलून जात, की ही माणसे आपसात, नात्यातच लग्ने करतात, म्हणून असे होते. पण १९७२ पासून तेथल्या विद्यापीठात इतिहासकार जेरार बुशार ह्यांनी ह्याच चर्चच्या वह्यांवरून लोकसंख्येची मोठी नोंद उभी केली. तिच्या आधारे दिसून आले, की जवळच्या नात्यातली लग्ने तेथे इतरांहून अधिक नव्हती. चर्चचा नियमही कडक होता. तिसऱ्या-चौथ्या पिढीतले नाते निघाले तरी लग्नासाठी खास परवानगी घ्यावी लागे. खरे कारण आपण सुरुवातीला ध्यानात ठेवले तेच : फांद्या अगणित, मुळे मोजकी. सतराव्या शतकात आलेल्या थोड्या पूर्वजांपैकी कोणाकडे तरी तो दोष होता, आणि त्यांची संतती वाढली तशी त्याचीही वाटणी झाली. म्हणजे वंशावळीने एका समाजावरचा खोटा ठपका पुसला. आता नवजात बाळाचे थेंबभर रक्त तपासून टायरोसिनेमिया वेळीच ओळखता येतो, त्यावर औषधही आहे, आणि इच्छुक तरुण जोडप्यांना आपण वाहक आहोत का हे तपासून घेता येते. जी मुले पूर्वी हाती लागत नसत, ती आज शाळेत जातात.

श्रोतेहो, ह्या सगळ्या हकीकतीत राजेरजवाड्यांची वंशावळ कोठेच आली नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. राजांच्या वंशावळी सगळीकडेच असतात. भाट त्या गातात. येथे आले ते करारी मजूर, फुलांची नावे मिरवणारे शिपाई, अनाथ मुली आणि कुऱ्हाडीची सही करणारा सुतार. त्यांनी आपली आडनावे जपली नाहीत. कित्येकांनी ती कपडे बदलावेत तशी बदलली. पण गावातल्या एका माणसाने, फार मोठा विचार न करता, दर लग्नाच्या दिवशी चार ओळी लिहिल्या, आणि त्या ओळींत नवऱ्याबरोबर बायकोचे माहेर आणि दोन्हीकडचे आईबाप नीट नोंदवले.

गावातल्या शिक्षकांना ह्यातून मुलांना एक साधा धडा देता येईल. वंशावळ मांडताना फळ्यावर बापाचा बाप, त्याचा बाप, अशी एकच रेघ ओढण्याची आपली सवय असते. शेजारी दुसरी रेघ ओढून पाहावी : आई, तिची आई, तिची आई, आणि प्रत्येकीचे माहेर. बहुतेक मुलांची ही रेघ दोन-तीन नावांतच थांबेल. उरलेली नावे घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत, आणि ती विचारून लिहून घेण्याची वेळ ती माणसे आहेत तोवरच.